एकोणीस जानेवारीचं ऊन

रंभाबाई निनावे पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आल्या तेव्हा बसल्याच नाहीत. खुर्चीवर पिशवी ठेवली, स्वतः उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "विमानवाल्यावर केस टाकाची हाय. तुमी टाकता, का दुसरा वकील पाहू?"

१९८९ चा मार्च होता तो. वकिली सुरू करून मला चार वर्षं झाली होती. नागपूरच्या महाल भागात एका शिंप्याच्या दुकानावर माझं ऑफिस. खाली मशीन सुरू झालं की वर माझ्या कपातला चहा हिंदकळायचा. विमानात मी आयुष्यात कधी बसलो नव्हतो, आणि हे मी त्या दिवशी रंभाबाईंना सांगितलं नाही. ग्राहकांसाठीचा कायदा नवा होता, नागपुरात ग्राहक मंच नुकताच सुरू झाला होता. साध्या कागदावर तक्रार दिली तरी तिथे चालायचं, स्टॅम्प नाही, फी नाही. बड्या वकिलांना त्या मंचात रस नव्हता. मला होता, कारण दुसरीकडे मला कोणी विचारत नव्हतं.

"काय झालं ते सांगा."

"सव्वादहाचं विमान साडेतीनले सुटलं."

मला हसू आलं. आपल्याकडे रेल्वे आठ तास उशिरा आली तरी आली म्हणून लोक खूश होतात. रंभाबाईंनी माझं हसू पाहिलं आणि खुर्चीवरची पिशवी उचलली. मी घाईघाईनं उठून त्यांना बसवलं, खालून चहा मागवला. त्या चहा प्यायल्या आणि मग सगळं बोलल्या. ते ऐकल्यावर मी पुन्हा हसलो नाही.

रंभाबाई गोळीबार चौकाजवळ राहायच्या. नवरा गणपतराव हातमागावर लुगडी विणायचे. यंत्रमाग आले, हातमागाची लुगडी कोणी घेईना, आणि त्यातच १९६९ साली छातीच्या दुखण्यानं गणपतराव गेले. मागे राहिली चार वर्षांची गोपिका आणि जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला तो माग. रंभाबाईंनी माग विकला, खड्डा मुरमानं भरून काढला आणि त्याच जागेवर पाटा मांडला. मुगाची डाळ भिजवून, वाटून, तिच्या वड्या घालून विकायला लागल्या. पहिल्या वर्षी लोकांनी दया म्हणून घेतल्या. दुसऱ्या वर्षापासून लोक रांगेत उभे राहायला लागले, आणि रंभाबाई त्यांना रागवायला लागल्या. "काल येतो म्हणे आन् आज आले. वडी तुमच्यासाठी बसून राहीन काय?" असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारी बाई इतवारीपासून पाचपावलीपर्यंत दुसरी नव्हती. लोक ऐकून घ्यायचे, कारण वडी तशी होती.

त्या वड्यांवर गोपिका शिकली, नर्स झाली. चोवीस वर्षांची असताना तिला मस्कतच्या एका दवाखान्यात नोकरी मिळाली. दोन वर्षांचा करार. कागदपत्रांसाठी ती संक्रांतीच्या आधीच मुंबईला गेली. संक्रांतीची गिऱ्हाइकांची गर्दी होती म्हणून रंभाबाई तिला सोडायला स्टेशनवर गेल्या नाहीत. गोपिकाला ते लागलं. मग रंभाबाईंनी कबूल केलं, "तुह्यं विमान निघाच्या दिवशी मी मुंबईले येतो. पक्कं."

मस्कतचं विमान एकोणीस जानेवारीला संध्याकाळी सहाला होतं. नेमकी त्याच आठवड्यात एका लग्नघरची वीस किलोची मागणी होती, आणि वाटण रंभाबाई कोणाच्या हाती देत नसत. रेल्वेनं जायचं तर आदल्या दिवशी निघावं लागणार. मग त्यांनी असा विचार केला, जो गोळीबार चौकात तोवर कोणी केला नव्हता: विमानानं जायचं. त्या सुमारास लहान कंपन्यांना विमानं चालवायची परवानगी मिळाली होती. 'शुभगमन' नावाच्या अशाच एका कंपनीचं छोटं विमान नागपूर-मुंबई करायचं. तीन महिन्यांच्या वड्यांचे पैसे देऊन रंभाबाईंनी तिकीट काढलं. सकाळी उजाडताच कापडांवर वड्या घातल्या, ती कापडं जाऊबाई कौसल्येच्या हवाली केली आणि आठला रिक्षात बसून सोनेगावच्या विमानतळावर निघाल्या.

काउंटरवरचा पोरगा अर्ध्या अर्ध्या तासानं सांगत राहिला, आता येते, आता येते. विमान उतरलं तीननंतर आणि सुटलं साडेतीनला. रंभाबाई मुंबईत पोचल्या तेव्हा सहा वाजत आले होते. तिथून दुसऱ्या विमानतळावर जाईपर्यंत मस्कतचं विमान गेलेलं. तरीही त्या सगळ्या काचेच्या दारांपाशी तीनदा जाऊन पाहून आल्या.

मस्कतहून पत्र आलं ते त्यांना पाठ होतं. माझ्यासमोर त्यांनी ते न उघडताच म्हणून दाखवलं. "आई, तू येणार नाहीस हे मला आधीच कळायला हवं होतं. तुझ्या हातून वड्या सुटत नाहीत." त्यानंतर गोपिकाची पत्रं यायची ती काकूच्या नावानं.

"विमान उशिरा सुटलं, हे तुम्ही कळवलं नाही का तिला?"

"कळवलं. थे म्हणते, आदल्या दिवशी रेल्वेनं काहून नाही निघाली?" रंभाबाईंनी पत्र पिशवीत ठेवलं. "आन् खरं सांगू वकीलसाहेब, मी बी मले हेच विचारून राहिली."

मी तक्रार लिहिली. तिकिटाचे पैसे आणि नुकसानभरपाई मागितली. जुलैत कंपनीचं उत्तर आलं, मुंबईच्या हेड ऑफिसातून, जाड कागदावर टाइप केलेलं. त्यात लिहिलं होतं की एकोणीस जानेवारीला नागपूर परिसरात दुपारपर्यंत दाट धुकं होतं, विमानाचं उड्डाण अशक्य होतं, हवामानावर कंपनीचा काही इलाज नाही, सबब तक्रार फेटाळावी.

छापील लेटरहेडच्या कागदाला मी तेव्हा फार मानत असे. वाचून माझा धीर सुटला. रंभाबाईंना बोलावून मी समजावायला लागलो, तर त्या मध्येच म्हणाल्या, "धुकं? लख्ख ऊन होतं!"

"ते खाली. वर धुकं असू शकतं." विमानात न बसलेल्या माणसाच्या आत्मविश्वासानं मी सांगितलं.

"वर? मंग ऊन कोठून आलं गा, खालून?"

मी मग कायद्याची कलमं काढली. वादी-प्रतिवादी, पुराव्याचं ओझं, असलं बरंच बोललो. सहा महिन्यांपूर्वी कोणत्या दिवशी ऊन होतं हे कोणता साक्षीदार शपथेवर सांगणार? मला स्वतःला परवाचं आठवत नव्हतं.

कंपनीच्या बाजूनं भैयाजी उभे होते. सिव्हिल लाइन्समधले जुने, नावाजलेले वकील, माणूस सज्जन, आवाज मऊ. त्यांनी मला बाजूला घेऊन तडजोड सुचवली: कंपनी दिलगिरी व्यक्त करेल आणि बाईंना मुंबईचं जाण्या-येण्याचं तिकीट फुकट देईल. मला ती चांगली वाटली. मी उत्साहानं गोळीबार चौकात गेलो. रंभाबाई पाट्यावर बसल्या होत्या. त्यांनी वरवंटा थांबवला.

"फुकट मुंबईले जाऊन आता कोनाले भेटू?"

मी पुन्हा तिकिटाचं सांगायला लागलो.

"हे पाहा, वकीलसाहेब. धुकं होतं, तं चूक माही. हिवाळ्यात धुकं पडते, मले समजाले पायजे होतं, रेल्वेनं निघाले पायजे होतं. मंग पोरगी बोलते थे बरोबर बोलते. पन धुकं नव्हतं, तं चूक थ्याईची. येवढं मले कागदावर पायजे. शिक्क्याचं. पैसे भेटले तं भेटले."

तोवर मी ती केस तिकिटाची समजत होतो. त्या दिवशी पाट्यासमोर उभं राहून मला कळलं की ही बाई आपल्याच विरुद्ध खटला लढते आहे, आणि मी तिला तो हरायला सांगायला आलो आहे. मला माझी लाज वाटली. तडजोड नाही म्हणून मी भैयाजींना कळवलं.

ऑक्टोबरात सुनावणी लागली. मंचाला तेव्हा एका सरकारी इमारतीत दोन खोल्या मिळाल्या होत्या. पंखा एकीत होता, खुर्च्या दुसरीत. समोर तिघं बसायचे. मधे अध्यक्ष, निवृत्त जिल्हा न्यायाधीश. एका बाजूला कॉलेजातले एक प्राध्यापक, ते सगळ्याला मान हलवायचे. दुसऱ्या बाजूला प्रेमिलाताई, समाजकार्य करणाऱ्या, कारण कायद्यानं एक बाई सदस्य असणं जरूर होतं. वकील मंडळी त्यांच्याकडे पाहून बोलतच नसत. मीही नसे.

भैयाजींनी कंपनीचं म्हणणं दहा मिनिटांत, लोण्यासारखं मांडलं. मग मी माझी कलमं मांडली आणि ती कोणाच्या गळी उतरली नाहीत हे मला दिसत होतं. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्हाला स्वतःला काही सांगायचं आहे?"

"हो साहेब. धुकं नव्हतं."

भैयाजी मऊपणे हसले. "बाई, नऊ महिन्यांपूर्वीचं हवामान आज तुमच्या लक्षात आहे?"

"मले नसंन. माह्या वडीले हाय."

असं म्हणून त्यांनी पिशवीतून कागदाच्या दोन पुड्या काढून सरळ टेबलावर ठेवल्या. मला त्यांनी यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "सांगतलं असतं तं तुमी नाही म्हटलं असतं." आणि मी नक्कीच म्हटलं असतं.

रंभाबाईंची एक रीत होती. प्रत्येक दिवसाच्या वाटणातली मूठभर वडी त्या बाजूला काढायच्या आणि वाळली की, घातल्या दिवसाच्या पेपरात बांधून वर्षभर डब्यात ठेवायच्या. एखादं गिऱ्हाईक "मागच्या खेपेची वडी चांगली होती" म्हणालं, की डबा उघडून त्याच्यासमोर दोन्ही वड्या फोडायच्या. वीस वर्षांत एकही गिऱ्हाईक त्यांच्याशी दुसऱ्यांदा वाद घालायला गेलं नव्हतं.

अध्यक्षांना पुड्यांचं काय करायचं ते समजेना. प्रेमिलाताईंनी मात्र हात पुढे केला आणि पुड्या ओढून घेतल्या. एक पेपर एकोणीस जानेवारीचा होता, दुसरा फेब्रुवारीतल्या एका दिवसाचा. त्यांनी दोन्ही उघडल्या.

"ताई, वडी घातली का तिले वर नाक येते," रंभाबाई सांगायला लागल्या. "पयल्या दिवशी कडक ऊन भेटलं, तं नाक तसंच उभं वाळते. आभाळ असलं, तं वडी पसरते आन् नाक बसते. दुसऱ्या दिवशी कितीबी ऊन पडो, बसलेलं नाक उठत नाही. फेब्रुवारीत थ्या दिवशी आभाळ होतं. पाहून घ्या."

प्रेमिलाताईंनी दोन वड्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या. एकीचं नाक ताठ, दुसरीचं चपटं. मग त्यांनी ताठ नाकाची वडी मोडली, आत पाहिलं, वास घेतला. वडी मोडल्याचा आवाज मला माझ्या जागेवर ऐकू आला. "जाळी छान सुटली आहे," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "आमच्याकडे आभाळ आलं तर वड्या घालतच नाहीत, त्या बसतात. बाई बरोबर सांगताहेत." प्राध्यापकांनी मान हलवली.

भैयाजी उठले. "अध्यक्ष महोदय, माफ करा. कालची वडी जानेवारीच्या पेपरात बांधायला कितीसा वेळ लागतो?"

बरोबर होतं त्यांचं. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं. संपलं, असं वाटून मी खाली पाहिलं.

पण रंभाबाई भैयाजींकडे वळल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुमी बरोबर बोलले, साहेब. माह्या वडीवर भरोसा नोका ठेवू. पन मी येवढीशी बाई, मी माह्या मुठभर वडीचा नमुना ठेवतो. येवढं मोठं सरकार हाय, थ्याईनं आभाळाचा नमुना ठेवला नसंन काय? कोठंतरी कोनी तरी लिहून ठेवलं असंन ना, आज ऊन का आज धुकं? थे आना."

सोनेगावला, त्याच विमानतळावर, हवामान खात्याचं ऑफिस आहे. तिथे दर काही तासांनी आभाळाची नोंद होते हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. सात महिने फाइल माझ्या टेबलावर पडून होती आणि मला ते सुचलं नव्हतं. कंपनीच्या जाड कागदानं सांगितलं, आणि मी चौथी पास बाईपेक्षा त्या कागदावर विश्वास ठेवला. 

प्रेमिलाताई अध्यक्षांकडे झुकून काहीतरी बोलल्या. अध्यक्षांनी भैयाजींना विचारलं, "हवामान खात्याचा दाखला उत्तरासोबत का जोडला नाही?"

"आवश्यक वाटला नाही, महोदय."

"आम्हाला वाटतो," प्रेमिलाताई म्हणाल्या. त्या मंचात त्यांना मध्येच बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. अध्यक्षांनी तिथल्या तिथे आदेश लिहवला: त्या दिवसाची हवामानाची नोंद मागवा आणि सोबत त्या विमानाच्या येण्या-जाण्याचीही नोंद मागवा.

नोव्हेंबरच्या तारखेला दोन लिफाफे आले. अध्यक्षांनी पहिला मोठ्यानं वाचला. एकोणीस जानेवारी, सकाळी साडेआठ: आकाश निरभ्र. साडेअकरा: आकाश निरभ्र. अडीच: आकाश निरभ्र. रंभाबाईंना निरभ्रचा अर्थ मी कानात सांगायला गेलो तर म्हणाल्या, "समजलं मले."

दुसरा लिफाफा त्याहून भारी निघाला. 'शुभगमन'चं ते विमान त्या दिवशी सकाळी सात पन्नासला नागपूरहून इंदूरला उडालं होतं आणि तीन वाजून पाच मिनिटांनी परत आलं होतं. म्हणजे ज्या धुक्यात विमान उडणं अशक्य होतं, त्याच धुक्यात ते इंदूरपर्यंत फिरून आलं होतं! प्राध्यापकसुद्धा हसले. भैयाजींनी नोंद दोनदा वाचली, फाइल मिटली आणि उभं राहून म्हणाले, "मला माझ्या पक्षकारानं हे सांगितलं नव्हतं. यावर माझा युक्तिवाद नाही." त्यांच्याविषयी मला त्या क्षणी आदर वाटला. बाहेर आल्यावर त्यांनीच मला सांगितलं की कोणा शेठच्या लग्नाचं वऱ्हाड जास्त पैसे घेऊन इंदूरला पोचवलं होतं, त्यांना परत आणायला विमान तिथेच थांबलं आणि त्यांची जेवणं लांबली.

रंभाबाईंना हे कळलं तेव्हा त्या इतक्या संतापल्या की व्हरांड्यातले शिपाई बाजूला सरकले. "थ्याईची जेवनं होऊन राहिली होती, आन् मी थ्या बाकड्यावर बसून आभाळाकडं पाहून राहिली होती!" मग एकदम त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडताहेत. पाहिलं तर हसत होत्या. आठ महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

डिसेंबरात निकाल लागला. तिकिटाची पूर्ण रक्कम परत आणि वर पाच हजार भरपाई. पण रंभाबाईंना हवं होतं ते चौथ्या पानावर होतं, आणि ते मी त्यांना व्हरांड्यात उभं राहून मराठीत वाचून दाखवलं: विमानास झालेला विलंब हवामानामुळे नसून कंपनीने विमान अन्यत्र वापरल्यामुळे झाला, तक्रारदार बाई वेळेवर विमानतळावर हजर होत्या, त्यांच्याकडून कोणतीही कसूर झालेली नाही.

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लावलं तेव्हा येणारे-जाणारे थांबून ऐकायला लागले होते, आणि मीही जरा आवाज चढवला होता. 'कसूर झालेली नाही' या शब्दांशी रंभाबाईंनी डोळे मिटले. प्रेमिलाताई बाहेर पडताना आमच्यापाशी थांबल्या आणि दोन किलो वडीची मागणी नोंदवून गेल्या.

त्या चौथ्या पानाची झेरॉक्स मस्कतला पाठवू, असं मी म्हटलं. रंभाबाई म्हणाल्या, पत्राले पंधरा दिवस लागते. अकरा महिने थांबलेली बाई आता पंधरा दिवस थांबायला तयार नव्हती. इतवारीत नवाच एक एसटीडीचा बूथ निघाला होता, तिथून परदेशीही फोन लागायचा. त्या शुक्रवारी, गोपिकाच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही दोघं त्या काचेच्या खोक्यात दाटीवाटीनं उभे राहिलो. नर्सेसच्या वसतिगृहाचा नंबर कौसल्याबाईंनी दिला होता. मी फिरवला, बोलावणं धाडायला सांगितलं आणि रिसीव्हर रंभाबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

थोड्या वेळानं पलीकडून एका मुलीनं "हॅलो" म्हटलं.  गिऱ्हाइकांना, वकिलांना, विमान कंपनीला न भ्यालेली बाई पोटच्या पोरीला भ्याली होती. समोर मीटरचे लाल आकडे पळत होते. मी हळूच म्हटलं, "बोला."

"गोपे," त्या म्हणाल्या, "धुकं नव्हतं वं. थ्याईनं विमान पळवलं होतं. कोर्टानं लिहून देल्लं. मी टाइमावर गेली होती, बाई. सकाळी साडेआठपासून तेथीसा बसली होती."

 लाइन खरखरली, रंभाबाईंनी रिसीव्हर कानाशी आणखी दाबला.

"गोपिका? मी येऊनच राहिली होती वं."

मग रिसीव्हरमधून इतक्या मोठ्यानं "आई" ऐकू आलं, की बूथबाहेर आपल्या नंबराची वाट पाहणाऱ्या माणसानंही वळून आत पाहिलं.